गंजलेली मसल कार उभी करताना: फुगलेला पत्रा ठोकू नका

१९६४ ते १९७२ या काळातल्या शेव्हेल, जीटीओ, चार्जर, मस्टँग या अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाच्या गाड्यांबद्दल बोलायला बसलं की बोलणं इंजिनाकडे वळतं. ३९६, ४४०, ४५४ घन इंचांचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण हौसेने जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायला घेणाऱ्यांची गाडी क्वचितच इंजिनापाशी अडते. इंजिनाचे भाग आजही नवे मिळतात, मापं पुस्तकात दिलेली असतात, काही बिनसलं तर पुन्हा खोलता येतं. गाडी अडते ती पत्र्यापाशी. मागच्या चाकाजवळचा पत्रा वेल्डिंगने लहरला की हात पुट्टीच्या डब्याकडे जातो, आणि दोन-तीन हिवाळ्यांत गंज रंगाखालून पुन्हा फुगे काढतो. म्हणून या लेखात बाकीचं थोडक्यात आहे आणि पत्रा जोडण्याचं काम सविस्तर.

कोरडं गॅरेज, स्टँड, अग्निशामक, मास्क आणि पेट्रोलची टाकी काढून बाहेर ठेवलेली, एवढं गृहीत धरतो.

गाडी घेण्याआधी

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांना जवळची गाडी स्वस्त मिळते, कारण तिने रस्त्यावरचं मीठ खाल्लेलं असतं. डेट्रॉईट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ सढळ हाताने पडतं. माझं स्पष्ट मत: वाहतुकीचा खर्च सोसून ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोतली गाडी आणा. तिची सीट फाटलेली असेल, रबर वाळून तडकलेलं असेल, रंग उन्हाने उडालेला असेल. हे सगळं विकत मिळतं. शाबूत चौकट इतक्या सहज विकत मिळत नाही.

लोहचुंबक आणि टोच्या घेऊन जा. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालच्या जाळीत, म्हणजे काऊलमध्ये, बादलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. पाणी आत ठिबकलं तर तळाचा पत्रा नवा घालूनही उपयोग नाही. वरची गळती थांबवल्याशिवाय तोही जाईल. शेव्हेल आणि जीटीओला व्हिनाइलचं छत असेल तर मागच्या काचेभोवती बोटाने दाबून पाहा. ते छत पाणी धरून ठेवतं आणि तिथून गळलेलं पाणी डिकीत साचतं. चार्जरमध्ये पुढच्या टॉर्शन बारचा (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) आडवा तुळईसारखा भाग आणि मागच्या पाट्यांचा पुढचा आधार टोचून बघा. ते भुसभुशीत असतील तर पहिलीच गाडी असणाऱ्याने परत फिरावं.

कागदपत्रंही तपासा. १९६९ ते १९७१ च्या शेव्हेलच्या चॅसी क्रमांकावरून ती मूळची एसएस (सुपर स्पोर्ट) आहे की नाही हे कळत नाही, कारण तेव्हा एसएस हा वेगळा पैसे भरून घ्यायचा पर्याय होता. कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याची यादी असलेला कागद, मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो. १९६७ पासूनच्या मस्टँगसाठी मार्टी रिपोर्ट मागवा, त्यात फोर्डच्याच नोंदी असतात.

खोलणं आणि साफ करणं

फोटो काढा, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावा. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री पेनिट्रेटिंग तेल द्या, तरी हलला नाही तर गरम करा.

छोटे लोखंडी भाग वॉशिंग सोडा मिसळलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ होतात. भाग ऋण टोकाला, साधं लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो धुडकावा. त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो.

वाळूचा मारा फक्त चौकट, ॲक्सल, सस्पेन्शन अशा जाड भागांवर. बॉनेट, छत, दरवाज्याची बाहेरची बाजू यांवर दाबाने वाळू मारली की पत्रा पसरतो आणि पोट धरतो. तो सरळ करणं हे गंज काढण्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

अडकलेलं इंजिन स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, काही दिवस थांबा, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने मागे-पुढे करा. ब्रेकच्या नळ्या सगळ्या नव्या घाला. जुन्या ब्रेक शूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिच्यावर हवा मारू नका.

मस्टँग आणि चार्जरला वेगळी चॅसी नसते, पत्र्याची पेटी हीच चौकट. तळ कापण्याआधी दरवाज्यांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करा आणि गाडी सस्पेन्शनच्या जागी टेकवा. नाहीतर दरवाजा पुन्हा बसणार नाही.

खरा प्रश्न: पत्रा जोडणं

मागच्या चाकामागचा खालचा कोपरा जवळजवळ प्रत्येक गाडीत गेलेला असतो. तयार तुकडा विकत मिळतो. तो बसवण्याच्या कामाने मला फार झुंजवलं, आणि ते झुंजवणं मशीन चांगलं नव्हतं म्हणून नव्हतं. वाकडेपणा नेमका कुठून येतो हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

कारण असं आहे. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळतं. टाका, म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका, मारला की त्याच्याभोवतीचा पत्रा लालबुंद होऊन पसरू पाहतो, पण शेजारचा थंड पत्रा त्याला बाजूला सरकू देत नाही. मऊ झालेला धातू मग जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. थंड होताना मात्र तो आखडतो, आणि सांध्याची लांबी मुळापेक्षा कमी होते. शेजारचा पत्रा पूर्वीएवढाच लांब असतो. त्याला आता जागा पुरत नाही, म्हणून तो बाहेर फुगतो किंवा आत बसतो.

हे डोक्यात पक्कं बसवा: दोष फुगलेल्या भागात नाही, आखडलेल्या सांध्यात आहे. फुग्यावर हातोडी मारणारा माणूस आधीच जास्त असलेला पत्रा आणखी पसरवतो. इलाज सांध्यावर हवा. तो ताणून पुन्हा मूळ लांबीला आणला की फुगा आपोआप बसतो.

“टाके लांब लांब मारा, फिरत राहा, म्हणजे पत्रा वाकडा होत नाही,” हा सल्ला तुम्ही शंभर ठिकाणी ऐकाल. तो अर्धवट आहे. फिरत राहिल्याने उष्णता एका जागी साठत नाही, हे खरं. पण प्रत्येक टाका आखडतोच. लांब लांब मारले तर आखडणं सगळीकडे पसरतं, नाहीसं होत नाही.

म्हणून सांधा कुठे घ्यायचा हे कापण्याआधी ठरवा. सपाट पत्र्याच्या मधोमध कधीच नको. गाडीच्या अंगावरच्या घडीजवळ किंवा वळणाजवळ घ्या, तिथे पत्रा मुळात ताठ असतो. आणि मागून हात व डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पोचेल अशीच जागा निवडा. तयार तुकडा उंच मिळाला म्हणून तो सगळा वापरायचा नसतो; गंज जेवढा, त्याच्यापुढे बोटभर चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि थांबा. पत्रा पातळ झाला असेल तर तो चांगला पत्रा नव्हे, टाका मारताच त्याला भोक पडतं. कोपरे गोल ठेवा.

तुकडा आधी नुसता लावून पाहा, तोही बंपर, डिकीचं झाकण आणि दिवा जागेवर बसवून. बाजारचे तुकडे अनेकदा मूळ आकाराशी जुळत नाहीत, आणि वेल्ड केल्यावर दिवा तिरका दिसला तर काही करता येत नाही. मग तुकडा वर ठेवून सुईने रेघ मारा, दोन्ही कडा कानशीने जुळवा. फट पत्र्याच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी, म्हणजे साधारण एक मिलिमीटरच्या आत. फट मोठी राहिली तर ती भरायला जास्त धातू ओतावा लागतो, आणि जास्त धातू म्हणजे जास्त उष्णता.

एकावर एक पत्रा चढवून जोडायची पद्धत बाहेरच्या पत्र्यावर मला अजिबात मान्य नाही. दोन थरांमध्ये ओल अडकते आणि कडक उन्हात रंगावर सांध्याची रेघ उमटते.

मशीन मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), तार ०.६ मिलिमीटर, गॅस ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची तार या पत्र्याला फार गरम पडते. त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर मशीन लावून घ्या. मागच्या बाजूनेही टाका उतरलेला दिसला तरच तो खरा.

टाका मारण्याआधी एक गोष्ट जिवावरची. पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या ज्वाळेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली दूर ठेवा. गाडीच्या छताच्या आणि क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकाभोवतीच्या बाहेरच्या पत्र्याच्या) जोडावर कारखान्याने बऱ्याचदा शिसं भरलेलं असतं. तिथे टॉर्च किंवा ग्राइंडर चालवायची वेळ आली तर योग्य मास्क लावा आणि मुलांना गॅरेजमध्ये येऊ देऊ नका.

आता टाके. दोन्ही टोकांना एकेक, मग मध्ये, मग प्रत्येक अंतराच्या मध्ये. शिवणकामात कच्चा टाका घालतात तसंच. ट्रिगर सेकंदभराहून कमी दाबा. सलग ओळ कधीही ओढू नका. प्रत्येक फेरीनंतर थांबा. हाताची मागची बाजू सांध्यावर आरामात टेकवता आली तरच पुढे. ओल्या फडक्याने थंड करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पाणी सांध्यामागे शिरतं, आणि गंजापासून सुटका व्हावी म्हणूनच आपण इतका खटाटोप करतोय.

थंड झालेला टाका पातळ चकतीने, तिच्या कडेने, पत्र्याच्या पातळीला आणा. दोन्ही बाजूंनी. ग्राइंडरही पत्रा तापवतो, टेकवा आणि उचला. मग डॉली मागून सांध्याला घट्ट टेकवा आणि पुढून हलक्या हातोडीने त्याच जागी मारा. मार नेमका डॉलीवर पडला तर आवाज खणखणीत येतो, चुकला तर बद्द येतो. कानाने काम करा. प्रत्येक टाका थोडा चपटा होत पसरतो आणि आखडलेली लांबी परत मिळते. तळहात फिरवून पाहा. शेजारचा फुगा बसला की लगेच थांबा, कारण सांधा गरजेपेक्षा जास्त ताणला तर तोच उंच होतो. मग पुढची फेरी: टाके, थंड होणं, घासणं, ठोकणं. सगळे टाके एकमेकांना भिडेपर्यंत.

टाके सगळे मारून झाल्यावर शेवटी एकदाच ठोकायचं, असं करू नका. तोवर वाकडेपणा इतका साठतो की कुठला फुगा कुठल्या सांध्याने आला हे ओळखू येत नाही. दाबल्यावर टक्-टक् करत आत-बाहेर होणारा पत्रा दिसला तर समजा, जवळचा एखादा टाका ताणायचा राहिलाय. तो शोधा.

या कामाला एक पूर्ण सुट्टीचा दिवस जातो, मोठ्या तुकड्याला अधिक. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते आणि जुलैमध्ये मिशिगनभर गॅरेजमध्ये घाई सुरू होते. त्या घाईत सांधा जोडू नका. गाडी प्रायमरमध्ये नेलीत तरी लोक थांबून बघतात.

नंतर

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी, दमट हवेत रात्रभरही उघडा ठेवू नका. पुट्टी तीन मिलिमीटरहून जाड लागत असेल तर पुन्हा हातोडी घ्या. सांध्यांच्या आतल्या बाजूला सीलर, आणि रंग झाल्यावर क्वार्टर पॅनल, दरवाजे व रॉकरच्या (दरवाज्याखालच्या लांब पेटीच्या) पोकळीत लांब नळीने मेण फवारा. मेण गोठल्यावर दरवाजे आणि रॉकरच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली तर पाणी आतच राहतं.