बेळगावातून ज्वालामुखी शिकायचा तर

भूशास्त्राला जातो म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'आपल्याकडं कुठला आलाय ज्वालामुखी?' आमच्याकडंही आला होता. त्यांना सरळ जवळच्या खडीच्या खाणीवर घेऊन जा. तिथला काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यातले पांढरे ठिपके म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, पुढं खनिजांनी भरलेल्या. दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसला, तर तिथं दोन उद्रेकांच्या मधे बरीच उसंत गेली असं धरा. गोकाकला पोचेपर्यंत हा लाव्हा संपतो. धबधब्याचा कडा त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माचा. दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिण कड अशी आपल्या जिल्ह्यात सापडते. पुण्याच्या पोरांना त्यासाठी इथवर यावं लागतं!

या दगडाचा एक तोटा मात्र आहे. तो बघून वाटतं, ज्वालामुखी म्हणजे लाव्हा. आपला हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या रसात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) कमी, म्हणून तो पातळ वाहतो आणि वायू सहज सुटतो. अँडेसाइट या जास्त सिलिकेच्या ज्वालामुखी दगडाचा रस दाट; वायू आत कोंडतो आणि डोंगरच फुटतो. माणसं बहुतेक लाव्ह्यानं मरत नाहीत. १९०२ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या माँ पेले ज्वालामुखीच्या तापलेल्या राख-वायूच्या लोटानं सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८,००० माणसं गेली. १९८५ मध्ये कोलंबियात नेवादो देल रुइस ज्वालामुखीचा उद्रेक तसा लहान होता. पण शिखरावरचं बर्फ वितळलं, चिखलाचा लोंढा उतरला आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं. मृत्यू २३,००० च्या आसपास. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. उलट १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीभोवतीची हजारो माणसं वेळेत हलवली गेली. भूकंपमापकाची नोंद आणि गंधकी वायूचं मोजमाप शिकायचं ते यासाठी.

पोटापाण्याचं बोलायचं तर भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातला बॅरन बेट. त्यावर सगळ्यांची नोकरी चालणार नाही. धारवाडला एम.एस्सी. करा, मग यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा द्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दरडींचं काम भरपूर असतं, आणि चिखलाचा लोंढा समजलेल्याला दरड परकी वाटत नाही.

दहापट भिंग आणि हातोडा आत्ताच घ्या. खाणीत शिरण्याआधी सुरुंगाची वेळ तेवढी विचारा.