व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला निघण्याआधी दात दाखवा

सगळ्यात आधी दात. एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप, बदलायचा ठरलं की मुंबईची तारीख, गाडीचं रिझर्वेशन, सोबत कोण जाणार हे सगळं नंतर. आधी दाताचा डॉक्टर. बाबांच्या वेळी आम्ही गेलो नाही. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून त्यांना नेलं, भरती केलं, रक्त तपासून झालं, आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भुलीच्या डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. मागे किडक्या दाढेचा खुंट, हिरडीत पू. दाढ काढा, जखम भरू दे, मग या म्हणाले. बाबा घरी परत आले आणि त्या मधल्या दिवसांतच एका सकाळी आगरातून वर येताना पाखाडीवर कोसळले. शुद्धीवर आले, पुढे ऑपरेशनही नीट झालं. पण ते तीन आठवडे आमच्या घरात कुणी धड झोपलं नाही.

आता काकांची पाळी आहे, म्हणून हे लिहून ठेवते. व्हॉल्व्हला साधारणपणे तीन पाकळ्या असतात, बाबांच्या व्हॉल्व्हला जन्मापासून दोनच होत्या. शंभरात एकदोघांना असं असतं आणि ते घराण्यात उतरू शकतं. म्हणून डॉक्टरांनी भावंडांचा आणि मुलांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला होता. माझा ठीक आला, काकांचा नाही आला. तुमच्या घरात असा पेशंट असेल तर हा इको टाळू नका.

आजार काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी काढा आणून देतं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं त्या तोंडाशी ही झडप असते. वयाने तिच्यावर कॅल्शियम बसतं, ती ताठ होते, पुरती उघडत नाही. दोन पाकळ्यांची झडप लवकर खराब होते; लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तरी खराब होते. तिला उघडणारं औषध नाही. गोळ्या त्रास थोडा कमी करतात, झडप आहे तशीच राहते.

लक्षणं विचारायची रीत बदला. ‘दम लागतो का?’ विचारलं की ‘नाही’ असंच उत्तर येतं. काकांना मी विचारलं, गेल्या हंगामात आंब्याची पेटी घेऊन पाखाडी एका दमात चढायचात, यंदा कितीदा थांबलात? तीनदा. हे डॉक्टरांना सांगायचं. चढताना दम, छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, या तिन्हीतलं एक जरी असेल तर ‘गणपती झाल्यावर बघू’ नाही. झडप फार अरुंद झालेली असताना त्रास सुरू झाला आणि ती बदलली नाही, तर बहुतेकांच्या हातात दोनतीन वर्षंच असतात.

इकोच्या रिपोर्टवर तीन आकडे बघा. झडपेचं उघडं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी (निरोगी माणसाचं ३ ते ४ असतं), रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ४० किंवा जास्त, म्हणजे आजार तीव्र. जुने सगळे इको बरोबर न्या, वर्षभरात आकडे किती सरकले ते डॉक्टरांना बघायचं असतं. अँजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडी. दोन पाकळ्या असतील तर महाधमनी फुगली आहे का, हे स्वतःहून विचारा.

छातीत दुखलं की शेजारी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायला धावतात. या पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. झडप अरुंद असताना रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.

पुन्हा दात. काका म्हणाले, माझे दुखत नाहीत. बाबांचेही दुखत नव्हते. मिश्रीने काळे झालेले दात वरून बघून काही कळत नाही, सगळ्या दातांचा एक्स-रे काढून घ्या. तोंडातले जंतू रक्तात उतरून नव्या व्हॉल्व्हवर घर करतात. मग आठवडेच्या आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, कधी पुन्हा ऑपरेशन, आणि माणूस हातचा जाऊही शकतो. इथे एक अडचण येते. तालुक्याचा दाताचा डॉक्टर हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दाढ काढायला धजत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हाच ती चिठ्ठी मागून घ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं तेही तिच्यावर लिहून घ्या. गोळ्या मनाने बंद करू नका. दाढ काढली तर जखम भरायला वेळ धरा आणि मगच ऑपरेशनची तारीख घ्या. दात ठीक असल्याचं दाताच्या डॉक्टरांकडून लिहून आणा आणि तो कागद फाइलच्या सर्वांत वर लावा.

कुठला व्हॉल्व्ह, हे घरी बसून बोलून ठेवा. धातूचा व्हॉल्व्ह बहुधा जन्मभर टिकतो, पण रक्त पातळ ठेवणारी गोळीही जन्मभर, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासत राहावं लागतं. आमच्या वाडीतून लॅबला जायचं तर एसटीने तास जातो, पावसात त्याहून जास्त. हे सर्जनना सांगायलाच हवं. प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह साधारण १० ते १५ वर्षं जातो, त्याला ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही. तरुणाला बहुधा धातूचा, वयस्काला ऊतीचा सुचवतात. भारतात बनलेला चित्रा व्हॉल्व्ह धातूच्या गटातला. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने तो तयार केला आणि १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला. मांडीच्या धमनीतून छाती न उघडता बसवतात ती टावी, २००२ पासूनची. वय जास्त असेल किंवा मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर तिचं विचारा. खर्च बराच जास्त येतो, आणि दोन पाकळ्यांच्या झडपेत ती प्रत्येकाला चालतेच असं नाही.

कागद: रेशनकार्ड, आधार, दोन्हींवर नाव सारखं. सरकारी महात्मा फुले योजनेसाठी भरती होण्याआधीच रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. मुंबईतल्या चुलतभावांना रक्तदानासाठी आधीच सांगून ठेवा. कपडे-भांडी तुम्हाला कळतं.

घरी आल्यावर: छातीचं हाड जुळायला दोनतीन महिने लागतात. विहिरीचं पाणी ओढायचं नाही, स्कूटर नाही, नारळाचं ओझं नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दुखण्यावरची गोळी दुकानातून आणायची नाही, आणि शेवग्याचा पाला, माठ, टाकळा खायचा तर आठवड्याला साधारण सारखाच, एकदम टोपलीभर नको.

ताप आला, विशेषतः लावणीच्या दिवसांत, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) समजून लगेच अँटिबायोटिक सुरू होतं. डॉक्टरांना आधी सांगा की व्हॉल्व्ह बदललेला आहे, आणि औषधाआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) काढायचं का ते विचारा. पुढे कधीही दाढ काढायची असो की दात साफ करायचे, दाताच्या डॉक्टरांनाही हेच आधी सांगा. त्या कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिक घ्यावं लागतं, दर वेळी.

काकांची दाताची तारीख मंगळवारची आहे. मुंबईला अजून फोन केलेला नाही.