जीएमचा आलेख काही केल्या दिसेना

कपाशीतल्या ओलाव्याच्या सेन्सरसाठी बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर एनजीस्पाइस या सर्किट-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासत होतो. कलेक्टरचं व्होल्टेज दिसे, पण ट्रान्झिस्टरचा जीएम (बेसचं व्होल्टेज जरासं बदललं की कलेक्टर करंट किती बदलतो ते प्रमाण) मागितला की ‘असा व्हेक्टरच नाही’, म्हणजे अशी आकड्यांची यादीच साठवलेली नाही. दोन रात्री मॉडेल फाइलवर संशय घेण्यात गेल्या. फुकट.

कारण भलतंच होतं. एनजीस्पाइस नोडची व्होल्टेज आपोआप साठवतं. ट्रान्झिस्टरच्या आतली मूल्यं मात्र सिम्युलेशन चालवण्याआधीच मागून ठेवावी लागतात. नेटलिस्टमध्ये, म्हणजे सर्किट लिहिलेल्या फाइलीत, ‘.सेव्ह ऑल @क्यू१[जीएम]’ ही ओळ टाकली (टाइप अर्थात इंग्रजी लिपीतच). पहिल्यांदा ‘ऑल’ गाळलं, तर जीएम आला अन् बाकीचे सगळे आलेख गायब! मलाच हसू आलं. आई म्हणे, “काहून एकटाच हासून राह्यला रे?”

ट्रान्झिस्टर सबसर्किटमध्ये (मोठ्या सर्किटातल्या छोट्या सर्किटात) असेल तर नाव बदलतं: @क्यू.एक्स१.क्यू१[जीएम]. इथंही तासभर गेला.

मग पडताळा. कलेक्टर करंट १ मिलिअँपिअर, तापमान २७ अंश, तर जीएम सुमारे ३८.७ मिलिसिमेन्स हवा. तेवढाच आला. पण २७ हा सॉफ्टवेअरचा ठरलेला आकडा. मे महिन्यात आमच्या टिनाखाली ४५ कुठं चुकतात? ‘.टेम्प ४५’ दिलं, करंट पुन्हा १ वर आणला. जीएम साडेछत्तीसच्या आसपास उतरला.