स्ट्रोकनंतर घरी आलेल्या माणसाला इम्युनिटीचा काढा देण्याआधी

बाबांना डिस्चार्ज मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी आत्या चिंचवडहून गुळवेलीचा काढा घेऊन कर्वेनगरला हजर, बाटलीवर स्केचपेनने ‘सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी’ लिहिलेलं. माया कळते हो, पण स्ट्रोकनंतर इम्युनिटी वाढवायची म्हणजे नक्की कुठली आणि कधी? हे एकदा डोक्यात बसलं की घरी काय करायचं ते सोपं होतं.

विसर्जन मिरवणूक संपल्यावर लक्ष्मी रोड आठवा, चपलांचा खच, कागद, चिखल. रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा तुकडा मेला की आत असाच पसारा होतो. मेंदूत कायम मुक्कामाला असतात मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी, म्हणजे पेठेतले मूळ रहिवासीच, त्या लगेच जाग्या होऊन मेलेल्या पेशींचे तुकडे गिळायला लागतात. मग रक्तातून बाहेरची गर्दी घुसते, पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल आणि मागोमाग मोनोसाइट, दोन्ही पांढऱ्या पेशीच. ही मंडळी सुरुवातीला सफाईबरोबर राडाही घालतात, सूज वाढते, शेजारच्या वाचू शकणाऱ्या पेशींनाही फटका बसतो. मग त्यांना सरळ अडवायचं ना? तेही करून झालंय, एन्लिमोमॅब नावाचं औषध गर्दी अडवायलाच दिलं होतं आणि २००१ मध्ये निकाल आला तो उलटा, औषध घेतलेल्यांची तब्येत जास्त बिघडली. शिवाय पुढच्या दिवसांत यातल्याच काही पेशी सूर बदलतात, कचरा उचलतात, नव्या जोडण्यांना लागणारं खतपाणी सोडतात. उंदरांमध्ये तर काही आठवड्यांनी रेग्युलेटरी टी पेशी (प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या) येऊन भडका शांत करताना दिसल्यात.

म्हणजे एकाच पेशीचं काम दिवसागणिक बदलतं, आणि आपण बाहेरून सरसकट ‘बूस्ट’ मारायला निघालोय. त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आत्या रुसली, रुसू दे.

आता खरी मेख. मेंदूत हा गोंधळ चालू असताना बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र ढिली पडते, म्हणून न्यूमोनिया आणि लघवीचं इन्फेक्शन पटकन होतं. आपल्या हातात जे आहे ते इथे आहे.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका. झाल्यावरही ताठ बसवून, छोट्या चमच्याने, एक घास पूर्ण गिळला की मगच दुसरा, आणि जेवताना टीव्ही बंद. आमच्याकडे एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली, जेवण होऊन अर्धा तास झाला तरी बाबांच्या डाव्या गालात मऊ भाताचा गोळा तसाच बसलेला, त्यांना त्या बाजूला काही कळतच नव्हतं. तेव्हापासून जेवणानंतर टॉर्च मारून गाल बघायचा, ओल्या कापडाने पुसायचा, दोन वेळा ब्रश, आणि निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंडातली घाण छातीत उतरते आणि न्यूमोनिया तिथून सुरू होतो. पाणी प्यायल्यावर आवाज घरघरीत, ओलसर आला किंवा ठसका लागला तर थांबा आणि विचारा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी असेल तर ‘अजून लागतोय का?’ हे प्रत्येक व्हिजिटला विचारा, नुसता सोयीसाठी ठेवू नका. ताप आला तर क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. कूस दर दोन तासांनी बदला.

व्यायामात घाई नको. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत पेशंटला अंथरुणातून वारंवार उठवून हालचाल करवण्याचा प्रयोग एका मोठ्या अभ्यासात झाला, २०१५ मध्ये निकाल आला आणि त्यात फायदा नाही, तोटाच दिसला. पण फिजिओने हिरवा कंदील दिला की मग आळस नको, पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात. आम्ही ताटात चवळीचे दाणे पसरतो, बाबा डाव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकतात. पहिल्या आठवड्यात दहा दाण्यांना वीस मिनिटं लागायची आणि अर्धे खाली सांडायचे.

आणि पुन्हा कधी तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड वाटलं तर मेसेज टाकत बसू नका, १०८ लावा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांतच देता येतं आणि गणपतीत तर नळ स्टॉप चौक पार करायलाच त्यातला बराच वेळ जातो.