डेमो नेटवर दाखवताय? या चुका टाळा

डेमो हा व्हिडिओ नव्हे, तो कलाकृती म्हणून लिहिलेला चालता प्रोग्राम असतो. मशीन त्याच क्षणी चित्र काढतं आणि संगीत वाजवतं. 64के इंट्रोत, म्हणजे 64 किलोबाइटच्या छोट्या डेमोत, हे सगळं 65,536 बाइट्समध्ये बसवलेलं असतं. फिनलंडने 2020 मध्ये आणि जर्मनीने 2021 मध्ये डेमोसीनला, म्हणजे असे डेमो करणाऱ्यांच्या कलाविश्वाला, आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण आपल्याकडच्या बहुतेकांना डेमो भेटतो तो स्ट्रीमवरच, म्हणून तिथे तो नीट दिसायला हवा.

सगळ्यात जास्त नुकसान फ्रेमरेट करतो. युरोपातल्या पाल टीव्ही पद्धतीचा कमोडोर 64 हा जुना घरगुती कॉम्प्युटर सेकंदाला साधारण 50.12 वेळा पडदा रंगवतो. त्याच्याकडे रंग फक्त 16. मग कलाकार दोन चित्रं आलटून पालटून दाखवतात आणि डोळ्याला सतरावा रंग दिसतो. तुम्ही 25 फ्रेमवर रेकॉर्ड केलंत की दोनातलं एकच चित्र उरतं, तो रंग जातो. तेव्हा 50च ठेवा. तरीही दर आठ सेकंदांनी एक फ्रेम गळते आणि सरकणारी अक्षरं अडखळतात. इम्युलेटरचा, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा, वेग पाव टक्क्याने कमी करून नेमका 50 वर आणता आला तर आणा. सुरातला फरक कानाला कळत नाही.

यूट्यूबवर 720पीच्या खाली 50 फ्रेम मिळतच नाहीत. त्यामुळे छोटं चित्र मोठं करूनच चढवा, पण पूर्ण पटीत आणि स्मूदिंग बंद ठेवून. व्हाइस इम्युलेटरचं 384×272 चित्र पाचपट केलं की 1920×1360 होतं, 1440पीच्या चौकटीत छान बसतं. व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये रंगांचा तपशील उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्म्यावर येतो, तो फटकाही मोठ्या पिक्सेलना कमी बसतो.

आणि कृपा करून चित्राभोवतीची बॉर्डर कापू नका! व्हिडिओ चिपला चकवून बॉर्डर उघडायची आणि तिथे स्प्राइट (हलती छोटी चित्रं) नाचवायचे, यात प्रोग्रामरची रात्र रात्र गेलेली असते. कडा छाटली की नेमकं तेच जातं.

पीसी डेमो जड असेल तर थेट स्ट्रीम करताना अडकतो. त्यासाठी फाबियान गीझेन यांचं केकॅप्चर हे टूल आहे: ते डेमोचं घड्याळ आपल्या हातात घेतं आणि एकेक फ्रेम सावकाश टिपतं. छोटे इंट्रो पॅकर प्रोग्रामने दाबून लहान केलेले असल्यामुळे अँटिव्हायरस अनेकदा उगाच ओरडतो. तो सरसकट बंद करू नका; फाइल सीन डॉट ऑर्ग या डेमोंच्या संग्रहावरून घ्या, शक्यतो वेगळ्या मशीनवर चालवा.

ओबीएस या स्ट्रीमिंगच्या प्रोग्राममधला नॉइज सप्रेशन (खरखर दाबणारा) फिल्टर काढा. कमोडोर 64च्या सिड या आवाजाच्या चिपचे ड्रम नॉइजमधूनच घडवलेले असतात.

जर्मनीतल्या झारब्रुकेनची रिव्हिजन ही डेमो पार्टी, म्हणजे डेमो करणाऱ्यांचा मेळावा, ईस्टरला असते, थेट बघणार असाल तर वेळ तपासा. मार्चअखेरीस तिकडची घड्याळं पुढे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेचारवरून साडेतीन तासांवर येतं. 2024 मध्ये हा बदल ऐन ईस्टरच्या रविवारी, 31 मार्चला झाला.

डेमो चालू असताना त्यावर बोलू नका. ग्रुपचं नाव, पार्टी, वर्ष आणि मशीन आधी पाटीवर दाखवा, गप्पा शेवटच्या फ्रेमनंतर.