रिव्हॉल्वर रीलोडिंगसाठी शिशाच्या बुलेट घेताय? या चुका टाळा

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी केस (कवच) पुन्हा भरून गोळी बनवणं, आणि बुलेट म्हणजे त्या गोळीतला पुढे उडणारा भाग. बॅरलमध्ये शिसं चिकटायला लागलं की बहुतेक जण एकच करतात, पुढच्या वेळी अजून कडक बुलेट मागवतात. मीही तेच केलं आणि शिसं आधीपेक्षा जास्त चिकटलं, ब्रश मारून मारून हात दुखले तरी निघेना. शेवटी मायक्रोमीटर लावला तेव्हा कळलं की कडक-मऊचा प्रश्नच नव्हता, बुलेट लहान होती.

म्हणजे सगळ्यात मोठी चूक हीच, नुसतं कॅलिबर वाचून बुलेट घेणं. ३८ स्पेशल आणि ३५७ मॅग्नमला जॅकेटवाली (तांब्याच्या आवरणाची) बुलेट ०.३५७ इंचाची असते पण शिशाची साधारण ०.३५८ लागते, ४४ मॅग्नमला ०.४२९ च्या जागी ०.४३०, आणि ४५ कोल्टमध्ये तर जुन्या रिव्हॉल्वर ०.४५४ च्या आणि आताच्या ०.४५२ च्या, त्यामुळे तिथे अंदाज चालतच नाही. बुलेट जराशी जरी बारीक असली तरी तिच्या बाजूने गरम गॅस निसटतो, शिसं कापत जातो आणि तेच शिसं बॅरलला जाऊन बसतं.

मोजायचं कुठे, तर आधी सिलिंडरच्या पुढच्या टोकाला, म्हणजे थ्रोटला. रिव्हॉल्वर रिकामी आहे हे दोनदा बघा, सिलिंडर काढून घ्या आणि सुटी बुलेट पुढून थ्रोटमध्ये घाला. बोटाने दाबल्यावर घासत गेली तर माप बरोबर, आपोआप पलीकडे पडली तर लहान. सहाच्या सहा थ्रोट तपासा, एखादा वेगळा निघू शकतो. मग मऊ शिशाचा तुकडा तेल लावून बॅरलमधून ढकलून ग्रूव्हचं, म्हणजे बॅरलच्या आतल्या खाचांचं, माप घ्या. फक्त स्मिथ अँड वेसनच्या बऱ्याच बॅरलना ५ ग्रूव्ह असतात, आकडा विषम म्हणून खाचा समोरासमोर येत नाहीत, तिथे साध्या मायक्रोमीटरने नीट माप मिळत नाही. थ्रोट जर ग्रूव्हपेक्षा बारीक निघाला तर बुलेट कितीही मोठी घ्या, थ्रोट तिला दाबून बारीक करूनच पुढे सोडणार, तेव्हा बुलेट बदलत बसू नका, गनस्मिथकडून थ्रोट मोठे करून घ्या.

आता कडकपणा. शुद्ध शिसं ब्रिनेल मापात ५ च्या आसपास, लायनोटाइप (छपाईच्या टाइपचा कडक शिशाचा मिश्रधातू) २२ च्या आसपास. हलक्या ३८ स्पेशल लोडला (कमी दारूच्या गोळीला) ८ ते १२ भरपूर झालं, कारण कमी प्रेशरला कडक बुलेटचा तळ फुगत नाही आणि गॅस अडत नाही. पूर्ण ताकदीच्या मॅग्नमला मात्र कडक बुलेट किंवा तळाला तांब्याची टोपी असलेली, गॅस चेकवाली घ्या. पोकळ तळाची १४८ ग्रेन वजनाची वॉडकटर (सपाट टोकाची बुलेट) टार्गेटला फार छान, पण ती जोरदार लोडमध्ये कधीच घालू नका, तिची पातळ कड तुटून बॅरलमध्ये राहू शकते आणि पुढची बुलेट तिच्यावर आदळली तर बॅरल फुगेल.

शिसं कुठे साचलंय ते बघा, बरंच कळतं. सुरुवातीलाच, फोर्सिंग कोनपाशी (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडापाशी) असेल तर आधी माप संशयित. नळीच्या तोंडाकडे असेल तर ल्युब (बुलेटवरचं वंगण) पुरत नाहीये. आणि माप बरोबर असूनही चिकटत असेल तर लोड केलेल्या गोळीतून बुलेट परत ओढून काढा आणि मोजा, कारण केसचं तोंड नीट उघडलं नाही किंवा क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) अति झाला तर केसच बुलेट बारीक करते. क्रिम्प खाच नसलेली बुलेट जड लोडला घेऊ नका, धक्क्याने बाकीच्या गोळ्यांतल्या बुलेट पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचा थांबतो.

वजन सारखं म्हणून दुसऱ्या बुलेटचा डेटा (किती दारू भरायची ते आकडे) वापरणं तर खरंच धोक्याचं आहे, आकार बदलला की बुलेट केसमध्ये जास्त खोल बसू शकते, जागा कमी होते आणि प्रेशर वाढतं. डेटा त्याच बुलेटचा शोधा.

साचलेलं शिसं काढायला जॅकेटवाल्या गोळ्या झाडू नका, अडथळ्यामुळे प्रेशर वाढतं. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रणही नको, त्यातून विषारी लेड ॲसिटेट बनतं आणि स्टीलही खराब होतं. ब्रशला शुद्ध तांब्याच्या तारेचा घासणीचा तुकडा गुंडाळून घासा, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.