ओल वाळायच्या आत: वॉटरप्रूफिंगच्या वादाची तयारी

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराची पश्चिमेची भिंत जांभ्याची आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि झड सगळी हिच्याच अंगावर. पूर्वी मृगाआधी नारळाच्या झापांचा आडोसा बांधायचे. आम्ही त्याऐवजी एप्रिलात कंत्राटदाराकडून बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि जुलैत आतल्या गिलाव्याला पोपडे धरले. तो म्हणाला, पाऊस थांबू दे, मग बघू. आम्ही थांबलो, आणि तिथेच चुकलो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळल्यावर तोच विचारायला लागला, कुठे आहे ओल?

म्हणून पहिलं काम भर पावसातच करायचं. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने डाग वाढला तर नवी रेघ, नवी तारीख. फोटो दर वेळी त्याच जागेवरून, भिंतीला मोजपट्टी लावून काढा. एक जवळून, एक पूर्ण खोली दिसेल असा. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका आणि फोन बदलायचा असेल तरी जुना जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असा डिजिटल पुरावा प्रमाणपत्रासह द्यायची तरतूद आहे, आणि त्या प्रमाणपत्रात कोणत्या उपकरणातून काय घेतलं ते लिहावं लागतं. पावसाची नोंदही काढून ठेवा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो. ‘यंदा पाऊसच अतोनात झाला’ असं कंत्राटदार म्हणाला, तर मागच्या वर्षांचे आकडे शेजारी मांडता येतात.

त्याचं दुसरं ठरलेलं उत्तर असतं, तुमच्या बाथरूमची लाइन गळतेय. ते आधीच तपासून घ्या. रात्री सगळे नळ बंद करून, टाकीत येणारं पाणीही थांबवून पातळीची खूण करा आणि सकाळी पाहा. डागावर फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ असण्याची शक्यता जास्त. हा प्रयोग न्यायनिवाड्याला पुरत नाही, पण आपण बरोबर दिशेने भांडतोय का हे कळतं. पाइपने पाणी मारून बघायचं असेल तर भिंतीच्या तळापासून सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने वर जा. वरून मारलं तर पाणी खाली ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते समजत नाही. आमच्याकडे छज्जा भिंतीला मिळतो त्या सांध्यातून ते शिरत होतं. बाहेरचं शेवाळ नीट न खरवडता, सांधे न भरता वरून रंगासारखा थर फासला होता, हे तेव्हा उघड झालं.

मग कागद. कोटेशनमध्ये मालाचं नाव, किती हात, किती चौरस फूट आणि किती वर्षांची हमी हे लिहिलेलं आहे का ते पाहा. हमी तोंडी दिली असेल तर आजच व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका: ‘तुम्ही पाच वर्षांची गॅरंटी सांगितली होती, जुलैपासून ओल येते आहे, कधी बघायला येता?’ त्याने ‘येतो’ एवढं जरी लिहिलं तरी ते कामाचं आहे. रोख दिलेल्या पैशांचाही असाच मेसेज करून त्याचा होकार घ्या. यूपीआयच्या नोंदींपेक्षा बँकेचा उतारा बरा.

मालाच्या रिकाम्या बादल्या भंगारात देऊ नका. लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते छापलेलं असतं. समजा दोन हातांना लिटरमागे ४० चौरस फूट धरले आणि भिंत ६४० चौरस फूट आहे, तर १६ लिटर लागायला हवेत. अंगणात दहा लिटरची एकच बादली उरली असेल तर तो हिशोब तुमच्या बाजूने बोलतो. मला हे फार उशिरा सुचलं.

यानंतर त्रयस्थ सिव्हिल इंजिनिअरला, शक्यतो पाऊस चालू असतानाच, बोलवा. ओलाव्याची मोजमापं, पाणी शिरण्याची जागा आणि कारण त्याच्या सहीशिक्क्यासह लेखी घ्या. दुरुस्तीच्या खर्चाची दोन वेगवेगळ्या लोकांकडून लेखी अंदाजपत्रकंही घ्या. हे होईपर्यंत दुसऱ्या कुणालाही भिंतीला हात लावू देऊ नका. घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर थांबणं फार जड जातं, हे मी अनुभवलंय. मग निदान माणसाला खोली बदलून द्या.

कंत्राटदाराला मात्र दुरुस्तीची एक संधी लेखी, तारीख घालून द्या, राग कितीही आला असला तरी. दार बंद केलंत तर उद्या तो ‘मला येऊच दिलं नाही’ म्हणेल. तो येईल तेव्हा शेजारचं कुणी हजर ठेवा. नुसता रंग मारून डाग झाकायला लागला तर थांबवा आणि का थांबवलं ते त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहा.

तो आलाच नाही तर नोटीस स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालं आहे) आणि पोच जपून ठेवा. त्यासाठी त्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर नोंदलेलं नाव सापडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत मोजलेल्या मोबदल्यावर शुल्क नाही, आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि ‘पुढच्या पावसाआधी करून देतो’ असं दोनदा ऐकण्यात ती सरते. मागणीत परतावा, दुरुस्ती, आत खराब झालेलं लाकूडसामान आणि मनस्ताप वेगवेगळे मांडा, प्रत्येकापुढे कागदाचा क्रमांक घाला.

शेवटी दुरुस्ती सुरू कराल तेव्हा सुटून आलेल्या थराचे चार-पाच तुकडे जागा आणि तारीख लिहिलेल्या पिशव्यांत भरून ठेवा. आमच्या तुकड्यांच्या मागे हिरवं शेवाळ चिकटलेलं अजून तसंच दिसतं.